पंखा फिरतोय, पण बोर्डाला कळतंय का?

उन्हाळा लागला की माझ्या दुकानात एकाच तक्रारीचे कॉम्प्युटर येतात. "भाऊ, पंखे तं सारे फिरून रायले, तरी हा बंद काऊन पडते?" झरीचं कृषी केंद्र असो, मुकुटबनचा फोटो स्टुडिओ असो की पाटणचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, प्रश्न तोच. पंखा फिरताना दिसला की माणसाचं समाधान होतं. मदरबोर्डाचं होत नाही. त्याला पंख्याची खबर लागते, आणि ती कोणत्या तारेने येते हे फार कमी लोक पाहतात.

पंख्याच्या टोकाला तीन किंवा चार भोकांचं छोटं कनेक्टर असतं. पहिली तार अर्थिंगची, दुसरी १२ व्होल्टची. एवढ्या दोन तारांवर पंखा फिरतो. तिसरी खबरीची. पंखा एक फेरा मारतो तेव्हा तिच्यातून दोन ठोके बोर्डाकडे जातात, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांचा पंखा सेकंदाला ४० ठोके देतो. ते मोजून बोर्ड वेग सांगतो. 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागेवर ठोकेच आले नाहीत, तर बरेच बोर्ड सुरू होतानाच काळ्या पडद्यावर एरर दाखवून अडून बसतात. गिऱ्हाईक म्हणतं बोर्ड गेला. गेलेला नसतो, पंख्याची तार चुकून शेजारच्या जागेवर लागलेली असते.

चौथी तार हुकमाची. तिच्यावरून बोर्ड सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद असा इशारा ('पीडब्ल्यूएम') देतो आणि त्यातल्या 'चालू'च्या वाट्यावरून पंखा आपला वेग ठरवतो. तीन तारांच्या पंख्याला ही सोय नाही. त्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करूनच बदलावा लागतो. तो चार पिनांच्या जागेवर बसतो, खाचेमुळे उलटाही लागत नाही, पण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर, त्या जागेचं सेटिंग 'पीडब्ल्यूएम'वरून 'डीसी'वर न्यावं लागतं. नाही नेलं तर पंखा रात्रंदिवस पूर्ण वेगाने घोंगावतो.

आता पाण्याच्या कूलरची गोष्ट. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका पोराने बाहेरून जुळवून आणलेलं मशीन माझ्याकडे आणलं. २४० मिलिमीटरचा रेडिएटर, त्यावर दोन पंखे, रंगीत दिवे, सगळा थाट. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की थोड्याच वेळात प्रोसेसर १०० अंशांना भिडायचा आणि जीव वाचवायला स्वतःच मंद व्हायचा. रेडिएटरमधून निघणारी हवा मात्र खोलीतल्या हवेसारखीच. म्हणजे उष्णता रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हती. झाकण उघडलं तर पंपाची तार 'सिस फॅन'वर, म्हणजे कॅबिनेटच्या पंख्याच्या जागेवर. अशा जागेचा वेग बरेचदा बोर्डावरच्या सेन्सरवर चालतो, प्रोसेसरवर नाही. बोर्ड निवांत, म्हणून पंपाला व्होल्टेज कमी, आणि तिकडे प्रोसेसर भाजतोय.

पंपाची तार 'एआयओ पंप' लिहिलेल्या जागेवर नेली. ती जागा सहसा पूर्ण वेगाचीच असते. बोर्डावर नसेल तर दुसरी कुठलीही जागा बायोसमधून पूर्ण वेगावर बांधून टाकायची. रेडिएटरचे दोन्ही पंखे एका वाय-तारेने 'सीपीयू फॅन'वर घेतले, कारण त्यांनी प्रोसेसरच्या तापमानानुसारच पळायला हवं. अशा वाय-तारेत एकाच पंख्याची खबर पुढे जाते. दोघांचे ठोके मिसळले तर बोर्डाला काहीच उमजणार नाही. साध्या जागेची ताकद बहुधा १ अँपिअर, त्यामुळे दोन-तीन पंखे चालतात. त्याहून जास्त असतील तर पॉवर सप्लायवरून वीज घेणारा हब बरा. लग्न त्याच रात्री एक्स्पोर्ट झालं.

त्या पोराची समजूत होती की पाणी आहे म्हणजे थंड होणारच. आपला खसचा कूलर पाणी उडवून हवा थंड करतो. कॉम्प्युटरचा कूलर तसं काही करत नाही, यातलं पाणी बंद नळ्यांत फिरतं, प्रोसेसरची उष्णता उचलतं आणि रेडिएटरवर नेऊन टाकतं. खोलीत ४४ अंश असतील तर त्याखाली ते जाऊच शकत नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकातही पाणी थेट प्रोसेसरच्या पाट्यांपर्यंत नेलं आहे, पण तिथे उष्णता काढून घ्यायला मागे सगळी यंत्रणा उभी आहे. आमच्याकडे मागे खिडकी असते, आणि खिडकीबाहेर ऊन.

बसवण्यातही एक गोम आहे. नळ्यांत थोडी हवा असतेच आणि ती वर चढते. रेडिएटर पंपाच्या खाली लावला तर ती हवा पंपात जाऊन बसते, खुळखुळ आवाज येतो आणि पंप लवकर मरतो. म्हणून रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वरच ठेवायचं.

आणि कापूस! हंगामात जिनिंगच्या आसपासची मशीनं उघडली की रेडिएटरच्या पत्र्यांवर आतून पांढरी गादी बसलेली दिसते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर पंखा भन्नाट फिरून स्वतःच वीज तयार करतो आणि ती उलटी बोर्डात शिरू शकते.

दिव्यांची तार सगळ्यात धोक्याची. एक प्रकार तीन पिनांचा ५ व्होल्टचा, दुसरा चार पिनांचा १२ व्होल्टचा. ५ व्होल्टची पट्टी ओढूनताणून १२वर बसवली की दिवे गेलेच.

मला विचाराल तर फॉर्म भरायच्या, बिलं काढायच्या मशीनला पाण्याचा कूलर घेऊच नये. हवेच्या कूलरचा पंखा गेला तर वणीहून किंवा पांढरकवड्याहून दुसरा आणून संध्याकाळपर्यंत लावून देतो. पाण्याच्या कूलरचा पंप गेला की अख्खा कूलर बदलावा लागतो, आणि कुरिअर येईपर्यंत दुकान बंद.