नव्यानं बांधलेलं इंजिन बंद का पडतं?

अंथुर्ण्याच्या शिवारात नीरा डाव्या कालव्याची पाळी लांबली, की उसाची भिस्त विहिरीवर. नेमकं तेव्हाच रिंगा-लायनर नवे घातलेलं डिझेल इंजिन रेस कमी केली की गचके खातं नि बंद पडतं. लगेच मिस्त्रीला बोल लावू नका.

बहुधा त्यानं हवा धरलेली असते. काम करताना नळ्या सोडलेल्या असतात ना! हवा दबते, डिझेल दबत नाही. मग नोझलला पुरता दाब मिळत नाही. टाकी भरा. आधी फिल्टरचा, मग पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. नोझलच्या फवाऱ्यापुढं मात्र बोट कधीच धरू नये. डिझेल कातडीत शिरतं, बोट गमावायची पाळी येते.

तरी डळमळतंय? टॅपेट पाहा. काही तास चालल्यावर हेडचे नट पुन्हा आवळावे लागतात, त्यानं टॅपेटची फट कमी होते. फट उरली नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. फट पुस्तिकेतल्या मापानंच ठेवावी, अंदाजानं नव्हे.

रेस आपोआप वरखाली होत असेल, तर गव्हर्नरची दांडी अडकते का बघा. आणि नव्या रिंगा बसेपर्यंत इंजिन फार वेळ भाराशिवाय फिरवू नका. पंपाचा हलका भार द्या.