‘बीपी नाही’ या उत्तराचा अर्थ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वृद्धांमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाण ठरवताना सर्वेक्षणे दोन प्रकारची माहिती वापरतात: व्यक्तीने स्वतः सांगितलेले निदान आणि यंत्राने मोजलेला दाब. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने 2017-18 मध्ये झालेल्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत 72 हजारांहून अधिक व्यक्ती होत्या, त्यांपैकी 31,464 जण साठी गाठलेले होते, आणि दोन्ही प्रकारची माहिती घेतल्यामुळे सांगितलेले व मोजलेले ताडून पाहता येते.

गैरसमज: ज्याला उच्च रक्तदाब आहे, तो विचारल्यावर तसे सांगतोच.

वस्तुस्थिती: सर्वेक्षणातील प्रश्न ‘आरोग्य व्यावसायिकाने तुम्हाला असे निदान कधी सांगितले आहे का’ असा असतो, त्यामुळे ज्याचा दाब कोणी तपासलाच नाही, तो प्रामाणिकपणेच ‘नाही’ म्हणतो, शिवाय हा विकार बहुधा लक्षणांवाचून वाढत असल्याने चक्कर किंवा डोकेदुखी नसणे हा तो नसल्याचा पुरावा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगातील जवळपास निम्म्या रुग्णांना आपला विकार ठाऊकच नाही. खऱ्या रुग्णांपैकी किती जण ‘आहे’ असे सांगतात, त्या प्रमाणाला संवेदनशीलता म्हणतात. 100 रुग्णांपैकी 60 जणांनी तसे सांगितले असे मानले, तर ती 60 टक्के होते आणि उरलेले 40 जण नोंदीबाहेर राहतात.

गैरसमज: मग ‘बीपी आहे’ हे उत्तरही तितकेच अविश्वसनीय असते.

वस्तुस्थिती: विकार नसलेल्यांपैकी किती जण ‘नाही’ असे सांगतात, त्या प्रमाणाला विशिष्टता म्हणतात, आणि ती सहसा संवेदनशीलतेहून बरीच अधिक आढळते. ‘आहे’ म्हणणाऱ्याचा मोजलेला दाब 140/90 मिलिमीटर पाऱ्याच्या आत भरला, तरी नियमित गोळीमुळे तो आटोक्यात आलेला असू शकतो. म्हणूनच अभ्यासक औषध घेणाऱ्यांनाही रुग्णांत मोजतात, कारण तसे न केल्यास खरे उत्तर खोटे ठरते.

गैरसमज: ज्या समाजगटात कमी लोक ‘बीपी आहे’ म्हणतात, तेथे विकार कमी असतो.

वस्तुस्थिती: सांगितलेल्या आकड्यात विकाराबरोबरच तपासणीची सोयही मिसळलेली असते. दवाखान्यापासून दूर राहणाऱ्या, गरीब किंवा कमी शिकलेल्या वृद्धांत निदानच कमी होत असल्याने त्यांचा आकडा खाली राहतो, आणि केवळ त्यावर विसंबून औषधे व मनुष्यबळ यांचे वाटप केल्यास ज्यांना सेवेची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते.

गैरसमज: यंत्राने एकदा दाखवलेला आकडा हेच अंतिम निदान.

वस्तुस्थिती: धावपळ, धास्ती, नुकताच घेतलेला चहा किंवा अयोग्य मापाचा पट्टा यांमुळे दाब चढा दिसू शकतो, म्हणून पाच मिनिटे शांत बसवून, हात टेकवून तो एकाहून अधिक वेळा मोजतात, आणि निदान सहसा वेगवेगळ्या दिवशीच्या मोजमापांनंतरच पक्के करतात. एकाच भेटीवर आधारलेले सर्वेक्षण समाजातील अंदाज देते. व्यक्तीच्या निदानाचे काम ते करत नाही.

यावरून ‘आहे’ हे उत्तर बऱ्याच अंशी ग्राह्य मानता येते, तर ‘नाही’ या उत्तराला मोजमापाची जोड लागते. आणि अनियंत्रित दाबाने पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाची हानी ओढवत असल्यामुळे, घरातील ज्येष्ठांना काहीही त्रास नसला तरी त्यांचा रक्तदाब नियमितपणे मोजून घेणे अत्यावश्यक आहे.