चिखलातली शिदोरी

टिटवी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. रात्री-अपरात्री ओरडली की आजी काही ना काही पुटपुटायचीच. ही टिटवी बारा महिने इथलीच. पण तिच्या गणगोतातले काही पक्षी दरवर्षी फार लांबून आपल्याकडे येतात, आणि त्यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

भातसा किंवा काळू नदीच्या काठाला, गावतळ्याच्या कडेला बघा. चिमणीपेक्षा मोठा, पाठ तपकिरी, पोट पांढरं, आणि धोबी पक्ष्यासारखा मागचा भाग सारखा खाली-वर हलवणारा. ही तुतारी. तिची बहीण, ठिपकेवाली तुतारी, भातकापणीनंतर ओल धरून राहिलेल्या खाचरात दिसते. पाणलावा तर दिसतच नाही. पायाखाली येईपर्यंत दबून बसतो आणि मग वेडावाकडा उडून जातो.

पावसाळा सरता सरता हे येतात आणि एप्रिल-मेपर्यंत निघून जातात. तुतारी हिमालयातल्या नद्यांवरून येते, काही त्याहूनही उत्तरेकडून. ठिपकेवाली येते पार रशियाकडच्या दलदलीतून. वजन किती? ५०-६० ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांइतकं.

एवढासा जीव हजारो किलोमीटर उडतो तो चरबीच्या जोरावर. निघण्याआधीचे काही आठवडे तो नुसता खातो. चिखलातले किडे, अळ्या, गांडुळं, बारीक शिंपले. लांब पल्ला गाठणाऱ्या काही जातींचं वजन या दिवसांत जवळजवळ दुप्पट होतं. आपण शिदोरी फडक्यात बांधतो, हे कातडीखाली बांधतात. आणि ती भरायची जागा म्हणजे उथळ पाण्याचा चिखल. यांचे पाय आखूड असतात. चार बोटांपेक्षा जास्त पाणी असेल तर बहुतेकांना तिथे चरता येत नाही.

आता पाण्याबरोबर जरा खाली उतरू. भातसा आणि काळूचं पाणी उल्हास नदीत जातं. उल्हासचा मोठा प्रवाह वसईच्या खाडीकडे वळतो आणि एक फाटा ठाणे खाडीकडे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला, आणि २०२२ मध्ये तिचं नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. फोटो सगळे गुलाबी रोहितांचे निघतात, पण त्याच चिखलावर सायबेरियातून आलेल्या लहान पक्ष्यांचे थवेच्या थवे चरत असतात.

खाडीत ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो, तेव्हा यांचं जेवण. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की यांना बसायला कोरडी, निवांत जागा लागते. जुनी मिठागरं, किनाऱ्यालगतची उथळ तळी. जेवायची जागा राहिली आणि बसायची गेली, तरी पक्षी संपतो. टेकायला जागा नाही म्हणून तो भरतीचे तास नुसता घिरट्या घालतो आणि कमावलेली चरबी तिथेच जाळून टाकतो. उरण आणि नवी मुंबईकडे अशा जागांवर भराव पडल्याच्या, भरतीचं पाणी अडवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत, त्या यासाठीच.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: पंख आहेत ना त्याला, जाईल की दुसरीकडे! पण दुसरीकडच्या पंगतीतही ताटं तेवढीच असतात आणि पानांवर आधीच कोणीतरी बसलेलं असतं. दक्षिण कोरियात सेमांगुम इथे समुद्रात सुमारे ३३ किलोमीटरची भिंत बांधून २००६ मध्ये प्रचंड मोठा चिखलपट्टा तोडला. तिथे ग्रेट नॉट नावाचा किनारपक्षी हजारोंनी उतरायचा. अभ्यासकांनी पुढची दोन वर्षं आसपासच्या किनाऱ्यांवर शोध घेतला. गेलेले पक्षी तिथे वाढलेले दिसले नाहीत. ऑस्ट्रेलियात, जिथे ते पुढे जायचे, तिथेही ते घटले.

शिवाय यांना मुहूर्त चुकवून चालत नाही. उत्तरेकडचा उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा. त्यातच घरटं, अंडी, पिल्लं. अर्धपोटी निघालेला पक्षी वाटेत पडतो, नाहीतर पोचतो पण अंडी घालण्याची ताकद उरत नाही. म्हणून खाडीवर मेलेल्या पक्ष्यांचा खच दिसत नाही. पुढच्या वर्षी थवा लहान येतो, एवढंच. ठाणे खाडीत येणारी बाकचोच तुतारी २०२४ मध्ये जागतिक यादीत एक पायरी आणखी धोक्याकडे सरकली. अधिवास जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे भराव खाडीत नाही, शेतात पडतो. वीटभट्टीसाठी खाचराची वरची माती जाते, नदीची रेती जाते, ओलीच्या जमिनीवर फार्महाऊसचे प्लॉट पडतात. आणि एक गोष्ट कौतुकाने केली जाते ती म्हणजे गावतळ्याचं सुशोभीकरण. चारी बाजूंनी सिमेंटची उभी भिंत, वर रंगीत कठडा. आम्हाला विचाराल तर याने तळ्याचा हौद होतो. उथळ काठ गेला की तुतारी गेली, आणि गुरांना पाण्यावर उतरायची वाटही गेली. काठच्या गवताखाली मिळणारी खेकडी-मासळी गेली, ती कोणाच्या कालवणातून गेली हे आपल्याला माहीत आहे.

कायदा इथे पुरता उपयोगी पडत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांतून नदीचं पात्र आणि भातखाचरं वगळलेली आहेत. पिण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळीसुद्धा. म्हणजे आपल्याकडचे हे पक्षी जिथे चरतात त्या बहुतेक जागा. पण शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा भागात लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीकडे दिलं आहे आणि गावच्या विकासकामांना ग्रामसभेची मंजुरी लागते. तळ्याचं काम ग्रामसभेत येईल तेव्हा दोन गोष्टी ठरावात लिहून घ्यायला सांगा. एक बाजू मातीची आणि उताराची ठेवायची. गाळ काढायचा तो मे महिन्यात, पाहुणे गेल्यावर.

तोवर गटाच्या वहीत, बचतीच्या हिशेबामागच्या कोऱ्या पानावर, तळ्यावर तुतारी पहिल्यांदा कधी दिसली, किती होत्या आणि शेवटची कधी दिसली, हे तारखेसकट लिहून ठेवा. ग्रामसभेत कोणी विचारलं, की कुठे आहेत तुमचे पक्षी, तर ती वही पुढे करता येईल.