उन्हावर तापलेली आंघोळ
माण तालुक्यातल्या आमच्या गावात पहाटे तांब्याच्या बंबात बाभळीचं सरपण सारायचं आणि धुरानं डोळे चोळायचे, हे सासूबाईंच्या काळापासून चालत आलेलं. आता स्लॅबवर सौरबंब आहे. त्याच्या दुहेरी काचेच्या नळ्यांमधली हवा काढलेली असते, म्हणून उष्णता बाहेर जात नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं. पंप लागत नाही. 100 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला गिझर निदान 4 युनिट वीज खातो; ऊन मात्र फुकट. सौरबंबाचं तोंड दक्षिणेला हवं, गार पाण्याची टाकी त्याहून उंच. बोअरचं पाणी जड असेल, तर साचलेले क्षार वेळोवेळी काढा. पावसाळ्यासाठी थोडं कोरडं सरपण राखून ठेवाच.