निबंध : एकट्याचा की सभेचा?

मराठी निबंध म्हटला की विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ आठवते. १८७४ पासून सात वर्षे त्यांनी ती जवळजवळ एकहाती लिहिली. निबंध एकट्याने लिहायचा आणि एकट्यानेच वाचायचा, ही आपली समजूत तेव्हापासूनची. त्याआधी पाव शतक मात्र तो सभेत वाचला जात होता.

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखाही निघाल्या. सभासदाने निबंध लिहून आणावा, सर्वांपुढे वाचावा, मग चर्चा व्हावी, अशी रीत होती. १८४९ मध्ये बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा तेवढ्यावर थांबली नाही. दादाभाई नौरोजींसह सभासदांनी त्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या आणि तिथे स्वतः विनावेतन शिकवले. छापील निबंधाचा वाचक लेखकाला अडवू शकत नाही. समोर बसलेला श्रोता अडवतो, आणि कधी स्वतःही त्यात गुंतून जातो.

शहाद्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा असेच बसतो. मागच्या खेपेस मी गोमाई नदीवरचा निबंध वाचला. एक शेतकरी बाई म्हणाल्या, “भाऊ, पाणी कुठं गेलं ते समजलं. आता आपण करायचं काय, ते कुठं लिहिलंय?”

ते लिहिलेले नव्हते. पुढच्या बैठकीसाठी तोच निबंध पुन्हा लिहितो आहे. या वेळी त्या बाईंना सोबत घेऊन.