धुण्याचे पाणी कोठे जाते?

दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठा यांच्या दरम्यान पसरलेल्या राहू बेटात, जेथे मुळा-मुठेचा प्रवाह पुणे शहराचे सांडपाणी घेऊनच येतो आणि पुढे भीमेला मिळून उजनीच्या जलाशयात विसावतो, तेथे घरगुती धुण्याचा विचार मोरीपाशी थांबवून चालत नाही. काही साबणचुऱ्यांत असणारे फॉस्फेट हे जलपर्णीचे खाद्य होय. म्हणून फॉस्फेटविरहित चुरा घ्यावा, आणि तोही माफक, कारण फेस अधिक तितका कपडा स्वच्छ, हा निव्वळ भ्रम आहे.

विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी संयोग पावून साबणाचा साका बनतो. धुण्याचा सोडा हे क्षार आधीच खाली बसवतो, हे खरे. परंतु त्यातील सोडियम काळ्या जमिनीत साठत गेले की मातीचे कण विस्कटतात, निचरा खुंटतो आणि जमीन चोपण होते. सबब सोड्याचे पाणी परसातल्या एकाच आळ्यात दररोज सोडण्याचा शिरस्ता मोडावा. रिठ्याची गोष्ट निराळी: त्याच्या सालीतील सॅपोनिन जड पाण्यातही फेस देते आणि रेशीम व लोकर यांना मानवते, तथापि उसाच्या फडात मळलेल्या सदऱ्यावर त्याची मात्रा फारशी चालत नाही, आणि तेच सॅपोनिन माशांना विषारी असल्याने रिठ्याचे पाणीही, ते ‘नैसर्गिक’ म्हणून, खुशाल ओढ्यात ओतू नये. कपडे उन्हात वाळवण्याविषयी मात्र या मुलखात कोणास उपदेश करण्याचे प्रयोजन नाही.