गळाला काय लागले?

मराठी माणसाच्या बोलण्यात गळ वरचेवर येतो, हातात मात्र क्वचितच. एका पक्षाचा पुढारी दुसऱ्या पक्षाच्या गळाला लागतो, कापडवाल्याच्या गळाला गिऱ्हाईक लागते आणि ज्यांच्या घरात मासळीचा वासही खपत नाही तेसुद्धा हा वाक्प्रचार बिनदिक्कत वापरतात. पण खरा गळ कोणत्या पाण्यात, किती खोल सोडायचा आणि त्याला अखेर लागते तरी काय, असे कोणी विचारले की आपली बोलती बंद होते.

ज्याला हे शिकायचे असेल त्याने दिवाळीच्या सुटीत पुण्याहून पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला, भोरला जावे. भोरपर्यंत गेल्यावर मांढरदेवीच्या रस्त्याने आंबवडेही पाहून यावे. गर्द झाडीतले नागेश्वराचे देऊळ, पंतसचिवांच्या घराण्याचे मूळपुरुष शंकराजी नारायण यांची समाधी आणि संस्थानी काळातला तो प्रसिद्ध झुलता पूल यांसाठी पुण्याच्या सहली येथे येतात. मंडळी पुलावर डोलतात, फोटो काढतात, डबे सोडतात आणि परत फिरतात. पुलाखालून जाणाऱ्या ओढ्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. हा ओढा उत्तरेला उतरून नीरेला मिळतो आणि आपली गोष्ट याच नीरेच्या पाण्याची आहे.

नीरेच्या खोऱ्यात भोरजवळ दोन मोठे जलाशय आहेत. पहिला वेळवंडी नदीवरचा भाटघरचा. एकोणिसाव्या शतकात येथे एक धरण झाले होते. ते अपुरे पडू लागले म्हणून त्याहून कितीतरी थोरले धरण बांधले गेले आणि 1928 साली पुरे झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावावरून त्याला लॉइड धरण म्हणत. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी त्यात मावते. दुसरा जलाशय खुद्द नीरेवर, देवघरचा. तो या मानाने अगदी अलीकडचा. दोन्ही पाणी साठवतात ते खालच्या तालुक्यांतल्या शेतांसाठी, मुख्यतः उसासाठी. पण उसाला पाणी सुटेपर्यंत त्या पाण्यात दुसरेही एक जग नांदत असते, आणि सुटीच्या दिवशी काठावर जमणारी मंडळी त्या जगाचा ठाव घेत बसलेली असतात.

या मंडळींत जातपात, वय, हुद्दा काही राहत नाही. जवळच्या वाडीतले म्हातारबाबा बांबूची काठी घेऊन येतात. पुण्याच्या कारखान्यातला जोडारी मोटारसायकलला फायबरची काठी आणि रीळ बांधून पहाटेच निघालेला असतो. शाळकरी पोरांजवळ काठीही नसते. हातावर गुंडाळलेले तंगूस आणि खिशात कणकेचा गोळा एवढ्यावर त्यांचे भागते. "काय मामा, लागलं का काही?" असे विचारावे तर "लागंल की! पाणी कुठं पळून चाललंय?" हे उत्तर ठरलेले. उन्हाळ्यात या जलाशयाची पातळी किती झपाट्याने उतरते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या उत्तरातला मिस्कीलपणा कळेल.

गळ टाकणे म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ, असा आपला समज असतो. तो खरा नाही. पट्टीचा गळवाला आधी पाणी वाचतो. धरण होण्यापूर्वीचे नदीचे पात्र कोठून जात होते, बुडालेल्या झाडांची खोडे कोठे आहेत, ओढा कोठे येऊन मिळतो, हे त्याला तोंडपाठ असते, कारण मासे अशा जागा धरून राहतात. मग तो माशाचे तोंड वाचतो. कटल्याचा खालचा ओठ पुढे आलेला आणि तोंड वर वळलेले; तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले. तो तळाशी चरतो. रोहू या दोघांच्या मधला. म्हणजे तोंड पाहिले की ताट कोठे मांडायचे ते समजते. त्या हिशेबाने बुचाचा तुकडा किंवा मोरपिसाचे देठ दोरीवर वरखाली सरकवायचे आणि गळ हवा तितकाच बुडू द्यायचा. थंडीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. माशाचे रक्त आपल्यासारखे सदा ऊबदार नसते. पाणी गार झाले की तोही मंदावतो. म्हणून आपल्याकडे पौष महिन्यात भल्या पहाटे काठावर कुडकुडण्यापेक्षा ऊन जरा चढू द्यावे, हे बरे.

हीच विद्या सातासमुद्रापलीकडे, उणे वीस अंश थंडीत कशी चालते, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळीच्या तळी गोठतात. आता तेथे मराठी कुटुंबेही स्थायिक झाली आहेत, आणि त्यांच्याकडे जाऊन आलेले आजी-आजोबा गोठलेल्या तळ्यावर माणसे चालताना पाहून येतात. चांगले, नितळ बर्फ चार इंच जाड झाले की माणसाने पायी जायला हरकत नाही, असे तेथील सरकारी खातेच सांगते. मग शहराजवळच्या तळ्यावर खोपट्यांचे गावच वसते. बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचे, उलट्या बादलीवर बसायचे आणि हातभर काठीने गळ सोडायचा. खाली मासे जिवंत असतात ते निसर्गाच्या एका लहरीमुळे. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते. ते तळाला जाते, बर्फ मात्र वर तरंगते, आणि त्या पांघरुणाखाली माशांचा हिवाळा निभावतो.

तेथला लोकांच्या आवडीचा मासा म्हणजे क्रॅपी. वीतभर लांब, चपटा, रुपेरी अंगावर काळे ठिपके. हा तळाशी बसत नाही. थवा करून मधल्याच पाण्यात लटकून राहतो आणि वर पाहत खातो. म्हणून आमिष त्याच्या डोक्याच्या जरा वर धरायचे. सांज झाली की तो खायला लागतो. त्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ; हिसका दिला की गळ तोंड फाडून निसटतो. तेव्हा हळूच, घरात झोपलेल्या मुलाच्या हातातले खेळणे काढून घ्यावे तसे, त्याला वर आणायचे. एकाने जास्तीत जास्त दहा क्रॅपी बाळगाव्यात, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे. तळ्यावर गर्दी पुष्कळ, म्हणून प्रत्येकाच्या हावेला मोजमाप.

त्या तळ्यावरची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. क्रॅपी हा तेथलाच मासा आहे आणि बादलीवर बसलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही त्याचे नाव ठाऊक असते. आता आपल्या काठावर परत येऊ आणि टोपलीत डोकावून पाहू. कटला, रोहू, मृगळ हे तिघेही मूळचे गंगेकडचे पाहुणे. 1957 साली कटक येथे हिरालाल चौधरी यांनी या जातीच्या माशांना टोचणी देऊन अंडी घालायला लावण्यात यश मिळवले. त्यानंतर मत्स्यबीज मुबलक झाले आणि देशभरच्या धरणांत सोडले जाऊ लागले. चौथी चिलापी, म्हणजे तिलापिया. ही तर आफ्रिकेची. 1952 साली भारतात आणली गेली. या पाहुण्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्यावर मच्छीमारांच्या सहकारी संस्था चालतात आणि गरिबाच्या ताटात मासळी पडते. प्रश्न आहे तो घरच्यांचा. नीरेचे स्वतःचे मासे कोणते, असे विचारले तर तरुण गळवाला मरळ, वाम, शिंगाळा अशी तीन-चार नावे घेतो आणि थांबतो. पुढची नावे म्हातारबाबांना विचारावी लागतात.

ही नावे एका वेगळ्याच ठिकाणी मात्र शाबूत आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. गावोगाव फिरताना त्यांनी माशांचीही नोंद केली आणि 1839 साली ती लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञांपुढे ठेवली. नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना साहेबांनी एक मोठे काम केले: कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच उचलली. म्हणून आज जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत आपला शिंगाळा 'सीनघाला' आहे, कोळस 'कोलस' आहे, आणि खुद्री, सांडखोळ, बोगट, मल्या ही सारी लॅटिनच्या पंगतीत पाटावर बसली आहेत. विज्ञानाचा नियम असा की आधी दिलेले नाव पुढे टिकते. पुण्याजवळच्या मुळामुठेच्या काठी कोणा अनाम कोळ्याने उच्चारलेले शब्द ते नियम सांभाळतात, आणि आम्ही मराठी शिकवणारी माणसे मात्र ते कोशातदेखील शोधत नाही!

यांतला खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. मोठमोठ्या खवल्यांचा, ताकदीचा, वाहत्या पाण्याचा मासा. गळाला लागला की काठी वाकवून माणसाची परीक्षा घेतो. पावसाळ्यात असे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. आपल्या खेड्यांतल्या लोकांना 'चढणीचे मासे' हा शब्द चांगला ठाऊक आहे. वाळू-गोट्यांच्या स्वच्छ पाण्यात ते अंडी घालतात. धरणाची भिंत ही वाट अडवते. मग त्यांना आधार उरतो तो जलाशयाला वरून येऊन मिळणाऱ्या नद्या-ओढ्यांचा. त्या ओढ्यांत वाळू उपसली, सुरुंग लावला किंवा विषारी औषध टाकले की एका रात्रीत पिढीच्या पिढी जाते.

खुद्रीला हात देण्याचे काम महाराष्ट्रातच झाले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या सुमारास महसीरची पैदास सुरू केली. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि श. ना. ओगले यांच्या परिश्रमांतून तेथे लाखो पिल्ले वाढली आणि दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली. पण येथेच एक धडा मिळाला. कावेरीत सोडलेली खुद्री तेथे इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा मदार असलेला महसीर मागे हटला. 2018 साली त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर होता. पुण्याच्या मुलखात जिला आपण जपायचे, तीच परक्या पाण्यात दांडगाई करणारी ठरली. मासा चांगला की वाईट, हे माशावरून ठरत नाही; पाणी कोणाचे, यावरून ठरते.

याउलट उदाहरण भोरपासून फार लांब नाही. वरंधा घाट उतरून महाड तालुक्यात गेले की काळ नदीवर वाळणकोंड हा डोह आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तेथील महसीर कोणी धरत नाही. भाविक त्यांना खाऊ घालतात आणि मासे निर्धास्तपणे काठाशी येतात. कायद्याच्या कागदापेक्षा देवीचा धाक तेथे अधिक उपयोगी पडला आहे.

सगळ्याच पाण्याला देवी मिळत नाही. भाटघरला गळवाल्याचे शहाणपण हीच देवी. म्हणून दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन काठावर बसणार असाल, तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. जलाशयातील मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे असतो. आधी विचारून घ्या. तुटलेले तंगूस पाण्यात टाकू नका, पाखरांच्या पायांत अडकते. घरच्या काचेच्या टाकीतले कंटाळा आलेले मासे दया म्हणून धरणात सोडू नका. ती दया दुसऱ्यांच्या जिवावर उठते. खुद्री लागलीच, तर हात ओले करून गळ सोडवा आणि तिला पाण्यात जाऊ द्या. तुमची रात्रीची आमटी चिलापीनेही उत्तम होईल.

आणि शेजारी म्हातारबाबा बसले असतील तर त्यांच्याजवळ जरा सरकून बसा. गळाला काय लागले, एवढेच विचारू नका. त्याला म्हणतात काय, तेही विचारा, आणि मुलांना ते नाव वहीत लिहून घ्यायला सांगा.